अकराव्या भागाची संगत

रविवारी सकाळी साडेदहाला, सांगलीतल्या विश्रामबागेत एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात, सानिका हेरवाडे आपलं सगळ्यात आवडतं काम करत होती. म्हणजे नव्या माणसाला गळाला लावत होती. समोर बसल्या होत्या जयसिंगपूरच्या माणिकताई पाटोळे. पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि या वयात आपण जपानी कार्टून बघायला आलो याची थोडी लाज वाटत असलेल्या.

"कार्टून नाही, अनिमे म्हणायचं," सानिका म्हणाली. "आता मी तीन प्रश्न विचारते. मोडलेली वस्तू तुम्ही दुरुस्त करता की टाकून देता?"

"टाकते कुठली! माझा मिक्सर लग्नातला आहे."

"एकट्यानं जेवायचा कंटाळा येतो?"

"यायचा. आता नाही येत."

"आणि गोष्टीत बराच वेळ काहीच घडत नसलं तर?"

माणिकताई हसल्या. "अहो, मी एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसले."

"मग तुमच्यासाठी एकच मालिका. छत्र्यांचं गाव."

मागे बसलेले सगळे खो खो हसले. तीन प्रश्नांची उत्तरं काहीही आली तरी सानिकाची गाडी त्याच गावाला जाऊन थांबते, हे त्यांच्या अनिमे-मंडळात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सव्वीस भागांची मालिका. समुद्राकाठच्या एका गावात तोकुबेई नावाचा म्हातारा मोडक्या छत्र्या दुरुस्त करतो आणि हिनाको नावाची अनाथ मुलगी त्याच्या हाताखाली शिकते. बस्स, एवढंच. सानिकाने ती कॉलेजात असताना पाहिली आणि तेव्हापासून भेटेल त्याच्या मागे लागली. दूधवाल्याला दाखवली, दातांच्या डॉक्टरांना दाखवली, लग्न जुळवायला आलेल्या एका मुलाला दाखवली. तो मुलगा चौथ्या भागात झोपला आणि लग्न तिथंच फिसकटलं.

मंडळाचं नाव होतं 'तिसरा भाग', आणि नियम दोनच. पहिला: तीन भाग पुरे बघितल्याशिवाय मालिकेला नावं ठेवायची नाहीत. दुसरा नियम पहिल्यापेक्षा कडक होता. कथा फोडायची नाही. पुढे काय होतं याचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही, नव्या माणसाने गळ घातली तरी नाही. कथा फोडल्याबद्दल दोघांना मंडळातून काढलंही होतं, त्यातला एक सानिकाचा सख्खा मामेभाऊ होता.

गेल्या दोन-अडीच वर्षांत या सगळ्यात एक नवी गोष्ट आली होती, ती म्हणजे संगत. कपाळाला बांधायची मऊ पट्टी; ताप आल्यावर मिठाच्या पाण्याची घडी ठेवतात तशी दिसणारी. एखादी मालिका तुम्ही ती पट्टी बांधून बघितलीत की तुमचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण आणि मेंदूतल्या सुखाच्या-भयाच्या लहरी क्षणाक्षणाला नोंदल्या जात. या नोंदीला भावरेषा म्हणत. दुसऱ्या कुणी तीच मालिका तुमची भावरेषा लावून बघितली की त्याच्या पट्टीतून अगदी बारीक प्रवाह सुटत, आणि तुम्ही जिथं हसला होतात तिथं त्याच्याही छातीत हसू उगवे. तबल्याची साथ असावी तशी. विचार जात नसत, आठवणी जात नसत, फक्त भावना जाई. मालिका सुचवणाऱ्यांना तर स्वर्ग दोन बोटं उरला. 'बघ ना, मला काय वाटलं ते तुला कळेल' हे वाक्य इतकी वर्षं नुसतं म्हणायचं होतं, आता खरोखर तसं होऊ लागलं.

यातही 'तिसरा भाग'ने आपली रीत पाडली होती. ज्याने शेवटी बघितली, त्याने पुढच्याला आपली संगत द्यायची. मूळ संगत सानिकाच्या हातची, तिच्यावर दुसऱ्या हाताची, त्यावर तिसऱ्याची. ज्योतीने ज्योत लावावी तसं सगळ्यांना ते सुंदर वाटायचं. ही रीत सानिकानेच सुचवली होती.

माणिकताईंच्या आधी मालिका पुरी केली होती पार्थ कुलकर्णीने. तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. त्याने आपली संगत माणिकताईंच्या पट्टीत भरून दिली आणि म्हणाला, "अकराव्या भागापर्यंत जा. मग आपण बोलू."

"काय आहे अकराव्या भागात?" माणिकताईंनी विचारलं.

पार्थने मान हलवली. सांगायचं नसतं म्हणून तो गप्प बसला, असं सगळ्यांना वाटलं. पण पट्टी हातावेगळी होताच त्याने तळहात पँटला पुसले, आणि ते सानिकाने पाहिलं. तिने नजर दुसरीकडे वळवली.

*

तिने नजर वळवली, कारण तिच्या फोनमध्ये आधीच तेवीस निरोप साठले होते.

पहिला निरोप आला तेव्हा तिला आनंद झाला होता. कुणी तरी लिहिलं होतं, 'किटलीच्या प्रसंगात जाम घाबरले. का ते कळेना. काय ताकद आहे!' किटलीचा प्रसंग म्हणजे अकराव्या भागाचा मध्य. बाहेर वादळ, तोकुबेई बंधाऱ्यावर गेलेला, आणि हिनाको घरात वाट बघत बसलेली. चुलीवर किटली उकळते आहे. चाळीस सेकंद पडद्यावर फक्त किटली आणि तिचं थडथडणारं झाकण. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. भागाच्या शेवटी म्हातारा निथळत परत येतो, चहा होतो, संपलं.

मग तसेच निरोप येत राहिले. पुण्याहून, बेळगावहून, नाशिकहून. शब्द वेगळे, पण एक गोष्ट प्रत्येकाने लिहिलेली. 'उठवेना.' 'पाय गेल्यासारखे झाले.' 'कुणी तरी उठायला हवं असं वाटत होतं आणि मी उठू शकत नव्हते.'

तो 'उठवेना' शब्द सानिकाने पुन्हा पुन्हा वाचला. कारण ती भीती कुठली आहे हे तिला माहीत होतं.

आदल्या वर्षी फेब्रुवारीत, एका शनिवारी दुपारी, सानिकाने घरात बसून अकरावा भाग नोंदवला. त्याच दुपारी तिची आई, सुनंदा, स्वयंपाकघरात कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. संध्याकाळी ती गेली. आई अचानक गेली हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं, सगळे मातीला आले होते. पण संगत कोणत्या दिवशी नोंदवली ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवसाच्या नोंदीची तारीख सानिकाने नंतर बदलून टाकली होती. सगळे भाग नोंदवून झाले होते, आईला छत्र्यांचं गाव आवडायचं, म्हणून तिच्या आठवणीसाठी ती संगत लोकांना द्यायची, असं तिने स्वतःला समजावलं होतं. अकरावा भाग पुन्हा नोंदवायला मात्र ती कधी बसली नाही. बसणं तिला शक्यच नव्हतं.

आणि आता चौदा महिन्यांनी तेवीस अनोळखी माणसं तिला तिच्याच घरातली भीती लिहून पाठवत होती. निरोप वाचून ती लिहायची, 'कथा फोडू नका हं!' आणि पुढे हसरा चेहरा टाकायची.

*

दोन आठवड्यांनी, पुन्हा रविवारीच, नाझनीन सतारमेकरने तिला मिरजेला बोलावून घेतलं. नाझनीनच्या घरी चार पिढ्या सतारी बनवल्या जात. ती मात्र एका इस्पितळात मेंदूच्या तपासण्या करायची. मंडळात पट्ट्यांची दुरुस्ती तीच बघे. सानिका पोचली तेव्हा जमिनीवर लांबलचक कागद पसरलेले होते.

"बस," नाझनीन म्हणाली. "माणिकताईंचं कळलं?"

"नाही. काय झालं?"

"आज सकाळी चहासाठी दूध गॅसवर ठेवलं आणि अकरावा भाग लावला. दूध उतू गेलं, गॅस विझला. गॅसचा वास येत होता, त्यांना कळत होतं. सगळं कळत होतं, सानिका. आणि त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. चाळीस मिनिटं. शेजाऱ्यांनी दार तोडलं म्हणून वाचल्या."

सानिका खाली बसली.

"आता हे बघ." नाझनीनने एकेका कागदावर बोट ठेवलं. प्रत्येकावर अकराव्या भागाची भावरेषा होती आणि प्रत्येक रेषेत मध्यावर एक सुळका. "ही तुझी, मूळ. ही दुसऱ्या हाताची. बघणाऱ्याला तुझी भीती मिळाली, वर 'आपण का घाबरलो' याची त्याची स्वतःची भीती आली, आणि दोन्ही मिळून त्याच्या संगतीत गेली. हा तिसरा हात. हा पार्थचा, चौथा. आणि ह्या माणिकताई."

पाचव्या कागदावरचा सुळका वरच्या कडेपाशी जाऊन कापला गेला होता. कागद अपुरा पडला होता.

"प्रत्येक हाताला दुप्पट होतंय," नाझनीन म्हणाली. "आणि कुणी कुणाला सावध केलं नाही. का, तर कथा फोडायची नाही! पार्थ पंधरा दिवस धड झोपलेला नाही, पण माणिकताईंना त्याने काय सांगितलं? अकराव्या भागापर्यंत जा. आपलं हे नियमाचं खूळ कुणाचा तरी जीव घेणार."

"मी माझी संगत काढून टाकते. आत्ता."

"काढून उपयोग नाही, खालच्या हातांतल्या ज्याच्या त्याच्या पट्टीत आहेत. पण त्या सगळ्या मुळाला जोडलेल्या असतात; मूळ नव्याने नोंदून बदललं तरच ते खाली झिरपतं, आणि तेही त्याच क्षणी. म्हणजे तू पुन्हा बसायचंस, तोच भाग, तीच जागा, आणि त्या चाळीस सेकंदांत तुझ्या अंगात दुसरं काही तरी घडायला हवं." नाझनीन तिच्याकडे रोखून बघत होती. "त्या दिवशी काय झालं होतं?"

"काही नाही," सानिका म्हणाली.

"सानिका."

"काही नाही गं! सर्दी होती मला, अंगात कणकण होती."

खोटं बोलताना तिचा आवाज इतका सहज निघाला की तिची तिलाच भीती वाटली.

नाझनीनने उसासा सोडला. "निदान लोकांना सावध तरी कर."

सानिकाने फोन काढला. खरं कारण लिहायचं तर सगळंच लिहावं लागणार होतं. तिने तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं आणि शेवटी सगळ्या चाहत्यांना दिसतील अशी दोनच वाक्यं टाकली. 'छत्र्यांचं गावचा अकरावा भाग संगत लावून बघू नका. कारण सांगता येत नाही.'

आणि ही चूक फक्त त्यांच्यासारखी माणसंच करू शकतात. बाकी जगात 'बघू नका' म्हणजे बघू नका. पण कथा न फोडण्याची ज्यांनी शपथ घेतली आहे त्यांच्यात 'कारण सांगता येत नाही' यासारखी शिफारस दुसरी नाही. दहा मिनिटांत उत्तरं सुरू झाली. 'खुद्द सानिका नको म्हणते म्हणजे काय असेल!' 'आजच बघणार.' 'पहिले दहा भाग सोडून थेट अकरावा लावला तर चालेल का?' अकरावा भाग संगतीसह बघणाऱ्यांचा आकडा तिच्या फोनवर दिसत होता. लिहिलं तेव्हा साठ होता. वीस मिनिटांनी चारशे झाला. मग अकराशे.

"पुसून टाक!" नाझनीन ओरडली. पण ते वाक्य केव्हाच शंभर ठिकाणी गेलं होतं.

सानिका वेड्यासारखी बघणाऱ्यांची यादी खालीवर करत होती. आणि यादीत सगळ्यात वर, घरच्या माणसांची नावं जिथं दिसतात तिथं, तिला एक नाव दिसलं.

भूपाल हेरवाडे. भाग अकरा. सुरू.

*

आप्पांनी, म्हणजे सानिकाच्या वडिलांनी, आयुष्यभर मार्केट यार्डात हळद पारखली. हळकुंड मोडून, आतला रंग बघून, वास घेऊन पोत्याची प्रत सांगायची. अनिमेशी त्यांचा संबंध एवढाच, की लेक त्यापायी जेवायला उशीर करते. आई गेल्यावर ते बोलायचेच थांबले. आणि गेल्या सोमवारी त्यांनी आपण होऊन विचारलं होतं, "ते तुझं छत्र्यांचं काय हाय, बघू तरी. तुझी आई बघायची म्हनं."

सानिका हरखून गेली होती. पट्टी बांधून दिली. संगत नुसती नावाला, कुणाची तरी हलकी लावू म्हणाली, तर ते म्हणाले, "दुसऱ्याची कशाला? तुझ्या हातची लाव की." तिने लावली. म्हातारा तीन भागांपलीकडे जाणार नाही असं तिला वाटलं. रोज विचारलं की ते म्हणायचे, "बघायलोय." कितवा भाग, ते तिने विचारलं नव्हतं.

आप्पांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन जाळ्या बसवलेल्या होत्या.

तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. शेजारचे मगदूम गावाला गेले होते. स्कूटरवर बसताना तिला नाझनीनचे शब्द ऐकू आले, "मी पण येते," पण ती थांबली नाही.

मिरज ते सांगली रस्ता तिने कसा कापला ते तिला पुढे कधी आठवलं नाही. एवढं आठवतं की तोंडाने ती सारखं पुटपुटत होती, उठा आप्पा, उठा, उठा. भीती कशी असते ते तिला माहीत होतं. ती आधी पायांत येते. मग छातीवर बसते. मग वाटतं, अजून एक क्षण थांबू, एवढा एक क्षण. आणि प्रत्येक क्षणागणिक उठणं आणखी अवघड होत जातं.

दाराला कडी लावलेली नव्हती. आत शिरली तर पहिल्यांदा कानावर आला नळाचा आवाज.

स्वयंपाकघरातला नळ धो धो चालू होता.

सानिका उंबऱ्यातच खिळली. चौदा महिन्यांपूर्वी तिने हाच आवाज ऐकला होता. क्षणभर तिला कळेना की हा आत्ताचा आहे की तेव्हाचा. मग तिने स्वतःला ढकलत पुढं नेलं.

आप्पा खिडकीपाशी, तिच्याच खुर्चीत बसले होते. कपाळाला पट्टी. डोळे उघडे, पडद्यावर लागलेले. भाग संपून गेला होता, पडदा काळा होता. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीचे हात गच्च धरले होते.

तिने पट्टी ओढून काढली. "आप्पा! आप्पा, माझ्याकडे बघा!"

त्यांची मान हळूहळू वळली. श्वास चालू होता. तिने नाडी धरली. ठोके भरभर पण सरळ पडत होते. ती जमिनीवरच बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडायला लागली.

"नळ चालू ऱ्हायलाय," आप्पा म्हणाले. आवाज खोल गेला होता. "पानी प्यायला म्हनून सोडला, आनि इकडं ते सुरू झालं, म्हनून आलो. मग उठवंना."

"मी बंद करते."

"थांब." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता, आणि माया करण्यासाठी ठेवलेला नव्हता. "आधी सांग. त्या दिवशी तुला ऐकू आलं हुतं."

सानिकाने डोकं वर केलं नाही.

"मी हळद बघतो गं. वरनं किती बी पॉलिश असू दे, मोडलं की आत कळतं. ह्या भागात भ्यायचं काय बी न्हाई. किटली हाय नुसती. ही भीती त्या किटलीची न्हवं. तुझी आई गेली त्या दिवसाची हाय. बरोबर?"

"हो."

"काय ऐकलंस?"

"पातेलं पडलं," ती म्हणाली. इतके महिने न बोललेले शब्द आता एकामागून एक बाहेर पडू लागले. "नोंदवताना उठलं की सगळं तुटतं, पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. आईने त्या दुपारी दोनदा हाक मारली होती. एकदा दार वाजलं म्हणून, एकदा चहा घेतेस का म्हणून. दोनदा तुटलं. मी चिडले. म्हटलं, आता काही झालं तरी हाक मारू नकोस. मग तिसऱ्यांदा बसले. किटली सुरू झाली आणि आत पातेलं पडलं. मग काहीच नाही. नुसता नळ. आणि तिनं हाक मारली नाही, आप्पा. मी मारू नकोस म्हटलं होतं ना."

"चाळीस सेकंद बसलीस?"

इथं ती खोटं बोलू शकली असती. चाळीस सेकंद कुणालाही माफ करता येतात.

"नाही," सानिका म्हणाली. "भाग संपेपर्यंत. अकरा मिनिटं. मला कळलं होतं काही तरी झालंय. पण उठले असते तर दिसलं असतं. बसून होते तोवर काही झालंच नव्हतं."

नळ वाहत होता. आप्पांनी हात काढून घेतला. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. इस्पितळात डॉक्टर म्हणाले होते, थोडं आधी आणलं असतं तर. ते वाक्य दोघांनीही ऐकलं होतं.

"माफ केलं असं म्हनायला आज मला येनार न्हाई," ते शेवटी म्हणाले. "उद्या येईल का, म्हाईत न्हाई."

"म्हणू नका."

"पन ही भीती किती जनांत गेलीया?"

तिने फोन त्यांच्यापुढे धरला. आकडा नऊ हजारांवर गेला होता. मग तिने माणिकताईंचं सांगितलं, उतू गेलेलं दूध, विझलेला गॅस. आणि नाझनीन काय म्हणाली तेही: मूळ बदललं तरच खाली झिरपेल.

"म्हंजे तू उठायला पायजेस," आप्पा म्हणाले.

"उठले तर नोंद तुटेल."

"तुटू दे की! तुटलीच पायजे."

म्हातारा बरोबर बोलत होता, आणि नाझनीनला, पार्थला, मंडळातल्या एवढ्या हुशार माणसांना हे सुचलं नव्हतं, कारण तुटलेली संगत ही गोष्ट कुणी कधी ठेवलीच नव्हती. ज्या क्षणी ती उठेल तिथं मूळ संगत संपेल. खालच्या सगळ्या हातांतल्या भीतीचा पाया त्या क्षणी निघून जाईल. आणि सगळ्यात शेवटी बघणाऱ्यांच्या पायांत जे जाईल ते तिचं उठणं असेल.

पण या खेपेलाही ती उठू शकली नाही तर? तर जुन्या भीतीवर नवी बसेल, दुप्पट, आणि तीच खाली झिरपेल. आत्ता, या क्षणी बघत बसलेल्या नऊ हजारांत.

"मला जमणार नाही, आप्पा," ती म्हणाली. "खरंच नाही जमणार."

ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. पहिल्या खेपेला पाय वाकले. दुसऱ्यांदा उभे राहिले. त्यांनी तिला दंडाला धरून खुर्चीत बसवलं, तिची पट्टी तिच्या कपाळाला बांधली, अगदी लहानपणी वेणी घालायचे तशी, जरा जास्तच घट्ट.

"मी आत जातो," ते म्हणाले. "किटली सुरू झाली की पातेलं टाकतो. हाक मारनार न्हाई. तिनं मारली न्हवती."

ते भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेले. नळाचा आवाज बंद झाला नाही. त्यांनी तो तसाच ठेवला होता.

सानिकाने अकरावा भाग लावला. वादळ आलं. तोकुबेई छत्री घेऊन बंधाऱ्याकडे निघाला. हिनाकोने दार लावलं, चूल पेटवली, किटली ठेवली. फोनच्या कोपऱ्यात आकडा चढत होता, दहा हजार, साडेदहा हजार. सानिकाच्या पायांत ती ओळखीची बधिरता चढू लागली, आधी घोट्यांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत.

झाकण थडथडायला लागलं.

आत पातेलं पडलं. फरशीवर गोल गोल फिरत राहिलं आणि थांबलं. मग नुसता नळ. सानिकाने खुर्चीचे हात घट्ट पकडले. आतून कुणी हाक मारली नाही, आणि आप्पा मुद्दाम गप्प आहेत की आत खरंच काही झालंय, हे तिला इथं बसून कळणार नव्हतं. चाळीस सेकंदांतले नऊ गेले होते. सांगलीत, पुण्यात, बेळगावात हजारो माणसं तिच्यासारखीच खुर्चीत बसली होती. आता सानिका उठली, तरच ती सगळी माणसं उठणार होती ना?